इंक/स्टिचवर थांबे आणि रंगबदल: काही महिन्यांच्या वापरानंतर

भरतकामाचं एका सुईचं घरगुती मशीन रंग बदलायला थांबतं, हे ते वापरणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. पण आपल्याला हवं तिथं त्याला थांबवता येतं आणि नको तिथलं थांबणं काढून टाकता येतं, याची गरज तयार डिझाईनवर भागत होतं तोवर मला कधी जाणवली नव्हती. ब्लाउजच्या बाह्या, पाठीवरचे मोर, अधूनमधून शाळेच्या गणवेशावरचे लोगो, अशी माझी कामं. त्यासाठी इंक/स्टिच हे भरतकामाची डिझाईन बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं. घेतलं म्हणजे नेटवरून उतरवलं. ते फुकट आणि मुक्त स्रोत आहे. इंकस्केप या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये ते बसतं, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते: मशीनला रंगाशी देणंघेणं नाही. मशीनला द्यायच्या डिझाईन फाईलचा डीएसटी हा एक प्रकार, त्या फाईलमध्ये धाग्याचा रंग नसतोच. टाका, उडी (न शिवता पुढे सरकणं) आणि ‘इथे बदल’ एवढंच तिला सांगता येतं. त्यामुळे डीएसटी लावली की स्क्रीनवर मोराची मान तपकिरी नि पाय जांभळे दिसू शकतात. टाके मात्र ठीक असतात. पीईएस या दुसऱ्या प्रकारच्या फाईलमध्ये रंग साठवलेले असतात, पण ते पाहणाऱ्याच्या सोयीसाठी. मशीनच्या दृष्टीनं रंगबदल म्हणजे थांबा आणि थांबा म्हणजे रंगबदल. हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

याचा खरा उपयोग पॅचवर्कला. खणाचा तुकडा साध्या कापडावर बसवायचा असेल तर आधी जागेची रेघ शिवायची, थांबायचं, तुकडा ठेवायचा. मग तो पकडून ठेवणारी शिलाई, पुन्हा थांबायचं, रिंग (कापड ताणून धरणारी चौकट) न सोडता कडेचं कापड कातरायचं. शेवटी वरून सॅटिन, म्हणजे कड झाकणारी दाट शिलाई. धागा तिन्ही वेळा एकच, समजा मरून. तिन्ही भाग एकाच मरूनमध्ये ठेवले तर प्रोग्रॅम त्यांचा एक गट करतो आणि मशीन न थांबता सगळं शिवून मोकळं होतं. यावर दोन उपाय. एक, भागाला ‘थांबा’ ही आज्ञा जोडायची. दुसरा, तिन्ही भागांना मुद्दाम तीन वेगळे रंग द्यायचे. मी दुसराच वापरते: रेघ पोपटी, पकड गुलाबी, सॅटिन मरून. मशीनच्या यादीत गुलाबी दिसला की तुकडा ठेवायची वेळ आली हे समजतं. तोच रंग यादीत ओळीनं तीनदा दिसला की आपण नेमके कुठे आहोत, असा प्रश्न पडतो.

पहिल्या उपायाची एक जमेची बाजू मात्र आहे. डिझाईनमध्ये ‘थांब्याची जागा’ अशी खूण ठेवता येते आणि प्रत्येक थांब्याआधी सुई त्या जागी जाते. खूण डिझाईनच्या वरच्या अंगाला ठेवली की रिंग आपल्याकडे सरकते आणि कात्री घालायला जागा मिळते. खूण रिंगच्या मापातच हवी. मोठ्या पॅचला मी हेच करते.

आता नको असलेल्या थांब्यांबद्दल. विकतचा मोर बरेचदा हिरवा, निळा, हिरवा, सोनेरी, पुन्हा हिरवा असा फिरत राहतो. बऱ्याच सुयांच्या मशीनला त्याचं काही नाही, आपल्याला मात्र प्रत्येक वेळी धागा ओवत बसावं लागतं. इंकस्केपच्या यादीत खालची वस्तू आधी शिवली जाते, त्यामुळे वस्तू वरखाली केल्या की रंग एकत्र येतात. पण हाव धरू नये. डोळ्याचा पांढरा मानेच्या निळ्यावरच आला पाहिजे. आणि सगळ्या काळ्या कडा एकत्र करून शेवटी ठेवल्या तर तोवर भरगच्च टाक्यांनी कापड ओढलं गेलेलं असतं. कड आणि रंग यांच्यात फट पडते. दोन रंगबदल जास्त झाले तरी चालतील, पण कड आपापल्या पिसाजवळच शिवलेली बरी.

जरीचा धागा असेल तर त्याच्याआधी मी थांबा हमखास ठेवते. वेग डीएसटीत लिहिता येत नाही, तो हातानंच कमी करायचा. सुईही मोठ्या नेढ्याची लावायची. जरी सतत तुटते अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणी साध्या सुईवर, पूर्ण वेगात ती चालवत असतात.

मोठी ऑर्डर असली की काम बाहेर पंधरा सुयांच्या मशीनवर देते. तिथे थांब्यांचं गणित उलटं. ते मशीन रंग बदलताना थांबत नाही, सुई बदलून पुढे जातं. मी घातलेला जादा थांबा त्याला आणखी एक रंगबदल वाटतो आणि ऑपरेटरला सांगितलं नसेल तर पुढच्या सगळ्या सुयांचा क्रम एकानं सरकतो. एका कारखान्यात माझ्या फाईलबरोबरचा कागद कुणी वाचलाच नाही आणि पानं सोनेरी, कळ्या हिरव्या होऊन आल्या. कागद म्हणजे इंक/स्टिच स्वतः काढून देतं ती पीडीएफ: रंगांचा क्रम, टाक्यांची संख्या, निवडलेल्या कंपनीच्या धाग्यांची नावं. आता ‘चौथ्या जागी सुई नाही, थांबा’ असं मी त्यावर लाल पेननं लिहिते आणि फोनही करते.

तक्रारी म्हणाल तर आहेत. शिकायला वेळ लागतो आणि मदतीची पानं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. पीईएस पुन्हा उघडली की नुसते टाके मिळतात, आकार नाही. म्हणून मूळ एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपमधली चित्राची फाईल, जपून ठेवायची. शिलाई आधी स्क्रीनवर चालवून दाखवणारा सिम्युलेटर चांगला आहे, थांबे आणि रंगबदल खुणांनी दाखवतो; पण कापड कुठे आवळेल ते त्यात दिसत नाही. चिंधीवर एकदा चालवून बघावंच लागतं.

आणखी एक. काही मशीनवर सगळं डिझाईन एकाच रंगात सलग शिवायची सोय असते. ती चालू राहिली तर रंगबदलाचे थांबे मशीन बाजूला ठेवतं आणि पॅचचा तुकडा ठेवायच्या आधीच सॅटिन सुरू होतं. मशीन सामायिक असेल तर सुरू करण्याआधी ती सेटिंग बघून घ्या.