प्रीमियर लीग क्लबची मेंबरशिप: दोन सीझन वापरून झाल्यावर, घ्यावी का?

दोन सीझन झाले, प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका क्लबची ऑफिशियल मेंबरशिप वापरतोय. इकडे इंग्लंडात मॅच बघायला येणारे मित्र सारखे विचारतात की घेऊ का रे, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. क्लबचं नाव टाकत नाहीये, कारण भांडण एका क्लबशी नाही आणि बहुतेक मोठ्या क्लबांत थोड्याफार फरकाने हीच पद्धत आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मेंबरशिप घेतली म्हणजे तिकीट मिळालं असं नाही. मी वर्षाचे ३५ पौंड भरले, त्यात एक बॉक्स आला घरी, त्यात कार्ड, पिन आणि क्लबची एक डायरी, आणि मिळाला तो तिकीट घ्यायचा प्रयत्न करण्याचा हक्क. तिकिटाचे पैसे वेगळे. माझ्या एका मित्राला हे विमानाचं बुकिंग झाल्यावर कळलं, त्याचं तोंड आठवलं की अजून वाईट वाटतं.

तिकीट मिळायचे तीन रस्ते आहेत. पहिला बॅलट, म्हणजे लॉटरी. पहिल्या सीझनला ११ मॅचना नाव टाकलं आणि २ लागल्या, त्याही आठवड्याच्या मधल्या रात्रीच्या, तळातल्या टीमबरोबरच्या. ते ठीक आहे, जागा कमी आणि माणसं जास्त, कुणाला तरी नाही म्हणावंच लागणार. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. नंबर लागला नाही म्हणून जो ईमेल येतो ना, त्यातच खाली हॉस्पिटॅलिटी पॅकेजचं, म्हणजे खाण्यापिण्यासकट महागड्या सीटचं, मोठं बटण असतं, साध्या तिकिटाच्या कित्येक पट किमतीचं. म्हणजे मॅच हाउसफुल नाहीये, तुझ्या खिशासाठी हाउसफुल आहे, असंच वाचताना वाटतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

दुसरा रस्ता मेंबर सेल. सकाळी ११ ला चालू होणार म्हणून मी पावणेअकरालाच लॉगिन करून बसलो, ११ वाजले आणि स्क्रीनवर आकडा आला, तुमच्या पुढे १४,२०७ जण. आधी येऊन बसण्याचा काडीचा उपयोग नसतो, वेळ झाली की वेटिंग रूममधल्या सगळ्यांना रँडम नंबर पडतात, आणि ही गोष्ट क्लब कुठे ठळक सांगत नाही. एक छोटासा माणूस रेघेवरून उजवीकडे सरकत राहतो आणि आपण त्याच्याकडे बघत बसायचं. ५२ मिनिटांनी आत गेलो, एक सीट कार्टमध्ये पडली, बँकेचं ॲप उघडून ओके केलं, परत आलो तर पेमेंटचं पान गोल गोल फिरतंय आणि वरचा टायमर संपला, सीट गेली. सपोर्टला ईमेल टाकला, उत्तर आलं सहा दिवसांनी, मॅच झाली होती चौथ्या दिवशी. वरातीमागून घोडं. सॉरी म्हणाले, बाकी काही नाही.

आता तिसरा रस्ता, आणि याच्यासाठीच मी मेंबरशिप टिकवून आहे. तिकीट एक्स्चेंज. ज्यांच्याकडे सीझन तिकीट, म्हणजे सीझनभराच्या घरच्या मॅचचं एकच तिकीट, आहे त्यांना एखाद्या मॅचला यायला जमणार नसेल तर ते आपली सीट परत टाकतात आणि मेंबरला ती ठरलेल्याच किमतीत मिळते, काळाबाजार नाही काही नाही. मॅचच्या आदल्या दोन दिवसांत सकाळी आणि रात्री उशिरा सीटा पडतात असा माझा अनुभव आहे. पान सारखं रिफ्रेश करावं लागतं, आणि एकेकटी सीटच बहुतेक मिळते, दोघांना शेजारी शेजारी फार क्वचित. पण दुसऱ्या सीझनला याच्यातूनच ७ मॅच बघितल्या. एवढी एक सोय क्लबने मनापासून नीट केलीय आणि ते मोकळेपणाने सांगायलाच पाहिजे. इथे हेही लक्षात ठेवा की इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे सोशल मीडियावर कुणी स्क्रीनशॉट दाखवून पैसे मागत असेल तर अजिबात फसू नका.

एक्स्चेंजमुळेच एकदा एका आजोबांच्या शेजारी बसलो. सीट त्यांच्या भावाची, भावाला बरं नव्हतं म्हणून टाकलेली. हाफ टाइमला त्यांनी विचारलं, कितीला पडली? म्हटलं ५२ पौंड. ते काही बोलले नाहीत, खिशातून फोन काढला, क्लबच्या वार्षिक हिशोबाची पीडीएफ उघडली आणि दोन बोटांनी पान मोठं करून पगाराच्या ओळीवर बोट ठेवलं. हे हिशोब कंपनीज हाउसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी कंपनी नोंदणी ऑफिसच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतात, मला माहीतच नव्हतं. आपण पैसे भरून घेतलेल्या मेंबरशिपच्या ॲपमध्ये खेळाडूंच्या मुलाखती आणि ट्रेनिंगचे व्हिडिओ भरपूर, पण क्लबचा पैसा येतो कुठून जातो कुठे यावर एक ओळ नाही.

त्या दिवसापासून मी तिकीट दरवाढीची पत्रं वेगळ्या नजरेने वाचतो. यंदाच्या पत्रात लिहिलं होतं की खर्च वाढलाय, स्पर्धेत टिकायचंय म्हणून तिकीट २ पौंडांनी वाढवतोय. आता गणित मांडा. स्टेडियम ४० हजारांचं धरा, लीगच्या घरच्या मॅच १९, प्रत्येक सीटमागे २ पौंड, झाले १५ लाख २० हजार पौंड. आठवड्याला १ लाख पौंड घेणारा एक खेळाडू असेल तर हे सगळे पैसे त्याच्या साधारण १५ आठवड्यांच्या पगारात संपतात. म्हणजे अख्ख्या स्टेडियमने वर्षभर जास्तीचे पैसे भरायचे आणि त्यात एका माणसाचे साडेतीन महिने निघायचे, तोही कदाचित बेंचवर बसणारा. तिकिटांची कमाई या लीगमध्ये बहुतेक क्लबांची टीव्ही आणि स्पॉन्सरशिपपेक्षा कमीच असते, त्यामुळे आपल्या २ पौंडांनी टीम उभी राहते हे मला तरी पटत नाही.

आणि खरे मोठे आकडे ठरतात ते कॉन्ट्रॅक्टच्या कागदावर. चेल्सी क्लबने जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेझ या खेळाडूला सुमारे १०.६८ कोटी पौंडांना घेतलं, कॉन्ट्रॅक्ट साडेआठ वर्षांचं. हिशोबात ट्रान्सफरची रक्कम, म्हणजे खेळाडूच्या जुन्या क्लबला दिलेले पैसे, कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांत वाटून लावतात, त्यामुळे वर्षाला खर्च दिसतो साधारण सव्वा कोटी. तेच पाच वर्षांत वाटलं असतं तर २.१४ कोटी दिसला असता. नंतर यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रीमियर लीगनेही अशा वाटणीवर पाच वर्षांची मर्यादा घातली. एव्हर्टन क्लबचं बघा, लीगने घातलेली तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांच्या तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये १० पॉइंट कापले, अपिलात ते ६ झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये पुढच्या केसचे आणखी २ गेले. हिशोब चुकवला ऑफिसातल्या लोकांनी आणि पॉइंट टेबल बघून रात्री झोप उडाली ती स्टँडमधल्या लोकांची. त्यांच्याकडून कुणी तिकिटाचे पैसे कमी घेतले नाहीत.

लोक एकत्र उठले की फरक पडतो, हेही त्या आजोबांनीच सांगितलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने पुढच्या सीझनसाठी ७७ पौंडांचं तिकीट काढायचं ठरवलं होतं, तर संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. तेव्हा टीम २-० ने पुढे होती, मॅच संपली २-२. काही दिवसांत मालकांनी माफी मागून तो दर मागे घेतला. त्याच वर्षी सगळ्या लीगसाठी पाहुण्या फॅन्सच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा आली. पण इथे एक सांगतो, त्या ३० पौंडांच्या लोभाने मेंबरशिप घेऊ नका. आमच्या क्लबात अवे तिकिटं, म्हणजे दुसऱ्या टीमच्या मैदानावरच्या मॅचची, आधी गेलेल्या मॅचच्या पॉइंट्सवर मिळतात आणि वर्षानुवर्षं अवे जाणाऱ्यांनंतर नवीन मेंबरपर्यंत काही उरतच नाही. दोन सीझनमध्ये मला एकही नाही.

बाकी बारीकसारीक. तिकीट फोनमध्येच येतं, गेटवर फोन टेकवायचा, त्यामुळे बॅटरी भरलेली ठेवा. सीट घेताना 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलंय का ते वाचा, मी एकदा घाईत वाचलं नाही आणि ९० मिनिटं एका खांबाच्या डावीकडून नाहीतर उजवीकडून मान काढून बघितली, समोरच्या गोलमधला एक कोपरा दिसलाच नाही.

मार्क द्यायचे तर ५ पैकी ३, त्यातले अडीच एक्स्चेंजचे. इथे राहत असाल, एकट्याने जायची तयारी असेल, दोन दिवस आधी ठरवता येत असेल तर जरूर घ्या. भारतातून एका मॅचसाठी येणार असाल आणि चौघांना एकत्र बसायचं असेल तर याच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका. आम्ही मागच्या वर्षी दोन घेतल्या होत्या, माझी आणि बायकोची, शेजारी सीट एकदाच मिळाली. यंदा एकच रिन्यू केली, आळीपाळीने मॅच नाही बघता येणार कारण कार्डावर फोटो माझा आहे, पण तिने स्वतःच सांगितलं की तू जा, त्या आजोबांचा भाऊ बरा झाला का ते विचारून ये.