‘वारिएते’ची ब्लू-रे: काही महिने पुन्हा पुन्हा पाहिल्यानंतर

सर्कशीच्या झुल्यावरचं प्रेम आणि वैर या विषयावरचे जुने चित्रपट मी गेले काही महिने ओळीने पाहतो आहे. त्यातली सर्वात जास्त वेळा प्लेअरमध्ये गेलेली डिस्क म्हणजे ई. ए. ड्युपाँ यांचा १९२५ चा जर्मन मूकपट ‘वारिएते’. घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर ‘एमिल यानिंग्ज काय जबरदस्त आहे’ एवढंच लिहून झालं असतं. तो जबरदस्त आहेच. पण चित्रपट अंगात मुरल्यावर लक्ष त्याच्या चेहऱ्यावरून हातांकडे जातं, आणि खरी गोष्ट तिथे आहे.

आधी घेणाऱ्यांसाठी कामाचं. जुने जर्मन चित्रपट जपणाऱ्या फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ प्रतिष्ठानने पुढाकार घेऊन हा चित्रपट दुरुस्त केला आणि २०१५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवला. ब्लू-रेवर हीच प्रत आहे. चित्र इतकं स्वच्छ आहे की झुल्याच्या दोऱ्यांचा पीळ दिसतो. ब्लू-रेसाठी जगाचे भाग पाडले आहेत, त्यांना रीजन म्हणतात, आणि एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर अडू शकते. माझी डिस्क ब्रिटनमधली, म्हणजे रीजन बी. भारत रीजन सी मध्ये येतो, त्यामुळे साध्या प्लेअरवर ती चालेलच असं नाही. सगळे रीजन चालवणारा प्लेअर असेल तरच मागवा. मजकुराच्या पाट्या जर्मन, खाली इंग्रजी सबटायटल्स. पाट्या मोजक्याच असल्यामुळे घरातल्या मोठ्यांना मराठीत वाचून दाखवत पाहता येतो. आमच्याकडे तसंच चालतं आणि कोणाचाही रसभंग होत नाही.

संगीताचे पर्याय आहेत. द टायगर लिलीज या इंग्लिश त्रिकुटाने केलेल्या संगीतात गाणी आहेत, आणि ती पडद्यावर दिसतंय तेच पुन्हा सांगत राहतात. मला ती जड वाटली. नुसत्या वाद्यसंगीताचा पर्याय निवडा. झुल्याच्या प्रसंगांत तर आवाज पूर्ण बंद करूनही पाहिलं, आणि श्वास अडकायचा तो अडकलाच.

गोष्ट थोडक्यात सांगतो. हुलर (यानिंग्ज) हा एकेकाळचा नावाजलेला झुलेवाला. पडून जायबंदी झाल्यापासून हॅम्बुर्गमध्ये बायकोसोबत एक कळकट खेळ चालवतो. एका जहाजावरून आलेली अनाथ मुलगी त्याच्या दारात येते. तिला नावही त्या जहाजाचंच, बेर्टा-मारी. तिच्यासाठी तो बायको आणि तान्हं मूल सोडून बर्लिनला जातो आणि पुन्हा झुल्यावर चढतो. तिथे आर्टिनेली नावाच्या प्रसिद्ध कलावंताला जोडीदार हवे असतात. तिघांचा संच बनतो आणि बर्लिनच्या विंटरगार्टन या रंगमंदिरात नाव काढतो. पुढे आर्टिनेली आणि बेर्टा-मारी जवळ येतात, आणि हुलरला ते सर्वांच्या शेवटी कळतं, तेही कॉफीच्या टेबलावर कोणीतरी काढलेल्या व्यंगचित्रावरून.

प्रेमाचा त्रिकोण कुठल्याही धंद्यात होतो. मग झुलाच का? फ्लाइंग ट्रॅपीझमध्ये, म्हणजे झुल्यावरून उडण्याच्या कसरतीत, एक उडणारा असतो आणि एक झेलणारा. झेलणारा स्वतःच्या झुल्यावर पायांनी उलटा लटकतो. उडणारा हवेत कोलांटी घेऊन त्याच्याकडे येतो आणि दोघे एकमेकांची मनगटं पकडतात, तळहात नव्हे. टाळ्या उडणाऱ्याला मिळतात. पण कोलांटीतून बाहेर पडताना त्याला नीट काही दिसत नसतं, त्याने फक्त हात पुढे करायचे असतात. बाकी सगळं झेलणाऱ्यावर. हुलर हा झेलणारा आहे. आर्टिनेली त्याच्या घरात चोरी करतो आणि रोज रात्री हजारो लोकांसमोर आपला जीव त्याच्याच हातात देतो.

सगळं कळल्यानंतरच्या खेळात हुलर मनातल्या मनात हात सोडतो. पडणारं शरीर आपल्याला दिसतं. प्रत्यक्षात तो झेलतो. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं होतं की ही प्रेक्षकाला दिलेली हुलकावणी आहे. आता माझं ठाम मत आहे की हा चित्रपटाचा कणा आहे. हुलर खून करतो, पण जमिनीवर, बंद खोलीत, समोरच्याच्या हातात सुरी देऊन. झुल्यावर करत नाही. बायको-मूल सोडलेला, दारू पिणारा, मत्सराने पेटलेला हा माणूस एकच इमान पाळतो, ते धंद्याचं. यानिंग्ज हे एका शब्दाविना दाखवतो. खेळापूर्वी तो हात चोळतो ते नीट पाहा, आणि खुनानंतर हात धुतो तेही.

आमच्या ओळखीचे एक काका तरुणपणी सर्कशीत झुले बांधायचं काम करत. त्यांना डिस्क लावून दिली. प्रेमाच्या प्रसंगांत त्यांना फारसा रस नव्हता. पण झुला सुरू झाला आणि ते पुढे सरकून बसले. म्हणाले, ‘‘झेलणारा आधी झोका घेतो, त्याच्या झोक्यावर दुसऱ्याने निघायचं. उशिरा निघाला तर संपलं. इथे बरोबर घेतलंय.’’ सांगली-म्हैसाळ भागात असे लोक अजून भेटतात. विष्णुपंत छत्र्यांची सर्कस, देवलांची सर्कस ही परंपरा तिकडचीच. त्यांच्यासोबत पाहायला मिळाला तर हा चित्रपट आणखी उघडतो.

बरोबर घेतलंय याचं मोठं श्रेय छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांना. त्यांनी कॅमेरा झुल्यावर चढवला. खालचे प्रेक्षक डोलतात, दिवे रेषा होऊन वाहतात, आणि आपण कधी उडणाऱ्याच्या तर कधी झेलणाऱ्याच्या जागी असतो. विंटरगार्टनचं छत चांदण्यांसारख्या दिव्यांचं होतं, ते इथे मनसोक्त पाहून घ्या. याच जागी १ नोव्हेंबर १८९५ रोजी स्क्लादानोव्स्की बंधूंनी प्रेक्षकांना तिकीट लावून हलती चित्रं दाखवली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ती इमारत गेली.

माझ्या आवृत्तीत अमेरिकेत दाखवलेली आखूड प्रतही आहे. ती एकदा तरी पाहावी. अमेरिकेत हॅम्बुर्गचा भागच कापून टाकला, त्यामुळे बेर्टा-मारी हीच हुलरची लग्नाची बायको ठरते. तसं झाल्यावर हुलर नुसता फसवला गेलेला सज्जन नवरा उरतो. मूळ चित्रपटात त्याने स्वतः जे केलं तेच त्याच्या वाट्याला येतं. दोन्ही लागोपाठ पाहिल्या की कात्री काय करू शकते ते समजतं.

आता याच्या शेजारी ठेवायची दुसरी डिस्क: कॅरोल रीड यांचा ‘ट्रॅपीझ’, १९५६. इथेही मामला झेलणाऱ्याचाच. बर्ट लँकेस्टर म्हणजे तिहेरी कोलांटीत पडून लंगडा झालेला माइक रिबल. टोनी कर्टिस म्हणजे ती कोलांटी शिकायला आलेला तरुण टीनो. आणि जीना लोलोब्रिजिदाची लोला, जिला काहीही करून त्या संचात जागा हवी आहे. गंमत म्हणजे सगळ्यात उत्कट नातं त्या दोन पुरुषांमधलं, गुरु-शिष्याचं आहे. लोला मध्ये येते तेव्हा प्रेमाआधी तालीम बिघडते. लँकेस्टर चित्रपटात येण्यापूर्वी निक क्रॅव्हॅट या जोडीदारासोबत सर्कशीत कसरती करत असे. त्यामुळे त्याचे खांदे, चढण्याची पद्धत, दोरीला हात घालणं यात अभिनय वाटतच नाही. या भूमिकेसाठी त्याला बर्लिन महोत्सवात अभिनयाचं रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळालं. अवघड उड्या अर्थातच खऱ्या झुलेवाल्यांच्या आहेत.

चित्रण पॅरिसच्या सिर्क दिव्हेरमध्ये झालं. १८५२ साली उघडलेली ही इमारत तेव्हा सिर्क नेपोलियन म्हणून ओळखली जाई, आणि १२ नोव्हेंबर १८५९ रोजी ज्यूल लेओतार याने फ्लाइंग ट्रॅपीझचा पहिला जाहीर खेळ तिथेच केला. हे ठाऊक असताना रिबल त्या रिंगणात काठी टेकत येतो, तो प्रसंग वेगळाच वाटतो. चित्रपट सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे फार रुंद चौकटीत आहे. छोट्या टीव्हीवर वरखाली काळे पट्टे येऊन माणसं मुंगीएवढी होतात, तेव्हा शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा.

सेसिल बी. डिमिल यांचा ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’ (१९५२) मी पूर्ण एकदाच पाहिला, नंतर तुकड्या-तुकड्यांनी. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर आहे, आणि रिंगलिंग ब्रदर्सचा खरा तंबू, खरे हत्ती, खरी माणसं पाहायला मिळतात. आपले दामू धोत्रे १९४० च्या दशकात याच सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ करत, म्हणून मला तो तंबू जास्त जवळचा. पण इथे कॉर्नेल वाइल्ड आणि बेटी हटन दोघंही उडणारे आहेत, भांडण मधल्या रिंगणात खेळ करण्याच्या मानासाठी. एकाहून एक वरचढ कसरती होतात, तो जाळी काढायला लावतो, पडतो. थरार आहे, पण एकाचा जीव दुसऱ्याच्या मनगटात नाही, म्हणून आतून काही हलत नाही. शिवाय अडीच तास.

पुन्हा ‘वारिएते’कडे येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. त्यातल्या झुल्यावरच्या खऱ्या उड्या कोडोना संचाच्या आहेत. आल्फ्रेडो कोडोना तिहेरी कोलांटीसाठी जगभर गाजलेला, आणि त्याला झेलणारा त्याचाच भाऊ लालो. १९२८ मध्ये आल्फ्रेडोने कसरतपटू लिलियन लाइट्झेलशी लग्न केलं. फेब्रुवारी १९३१ मध्ये कोपनहेगनच्या खेळात ती लटकत होती त्या कड्याचा धातूचा जोड तुटला, ती पडली आणि दोन दिवसांनी गेली. पुढे त्याने संचातल्या व्हेरा ब्रूसशी लग्न केलं. १९३३ मध्ये खांदा निकामी होऊन त्याचं उडणं थांबलं. लग्नही टिकलं नाही. ३० जुलै १९३७ रोजी लाँग बीचमध्ये वकिलाच्या कचेरीत त्याने व्हेरावर गोळ्या झाडल्या आणि स्वतःला संपवलं. व्हेराही वाचली नाही. हे वाचल्यापासून मत्सराच्या कथेत उडणारी ती लांबवरची आकृती मला निवांत पाहता येत नाही.

तक्रार एकच, आणि ती डिस्कची नाही. ल्या द पुटीने बेर्टा-मारी जीव ओतून केली आहे, पण कथा तिला मोह घालणारी बाई यापलीकडे फार जाऊ देत नाही. तीही त्याच झुल्यावर, तेवढ्याच उंचीवर रोज जीव टांगते, याची दखल हुलरही घेत नाही आणि ड्युपाँही पुरेशी घेत नाहीत. ‘ट्रॅपीझ’मध्ये लोलाला निदान महत्त्वाकांक्षा तरी दिली आहे.

लहान मुलांसोबत बसणार असाल तर ‘ट्रॅपीझ’पासून सुरुवात करा. ‘वारिएते’ मोठ्यांसाठी. मूकपटाची सवय नसेल तर दीड तास एका बैठकीत बसा. तुकड्यांत पाहिला तर हुलरच्या हातांवर साठत जाणारा ताण तुटतो, आणि डिस्कचे पैसे त्यासाठीच मोजायचे आहेत.