दुहेरी बाबागाडी : ११ महिन्यांच्या वापरानंतर

धाकट्याचा जन्म झाला तेव्हा थोरली २२ महिन्यांची होती आणि तिचे वजन ११ किलो होते. हे दोन आकडे आधीच सांगून ठेवतो, कारण गाडी निवडताना आम्ही जवळजवळ सगळा विचार धाकट्याचा केला आणि वापर सुरू झाल्यावर बहुतेक अडचणी थोरलीच्या बाजूने आल्या. तान्हे मूल पहिले काही महिने कोणत्याही नीट बनवलेल्या गाडीत निवांत झोपते. पाय कुठे ठेवायचे, टपाला डोके लागते का, पुढचे काही दिसते का आणि मध्येच उतरता येते का, हे प्रश्न दोन वर्षांच्या मुलाला पडतात. गाडी किती काळ उपयोगी पडणार हेही त्याच मुलावरून ठरते.

या काळात आम्ही दोन गाड्या वापरल्या. पहिली नातेवाइकांनी वापरायला दिलेली, एकामागे एक आसने असलेली. ती सात आठवडे चालवली. दुसरी शेजारी-शेजारी आसनांची, जी आम्ही नंतर विकत घेतली आणि नऊ महिन्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज वापरत आहोत. मॉडेले सतत बदलत असल्यामुळे कंपन्यांची नावे देत नाही. रचनेचे गुणदोष मात्र तेच राहतात. एकेरी गाडीला नंतर दुसरे आसन जोडता येते असा तिसरा प्रकारही मिळतो, पण दुसरे आसन बहुधा खाली किंवा पुढे जोडले जात असल्याने वागण्यात तो पहिल्या प्रकाराच्याच जवळचा आहे.

एकामागे एक आसनांच्या गाडीचे मोठे आकर्षण म्हणजे तिची रुंदी. ती एकेरी गाडीइतकीच, म्हणजे साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर असते, त्यामुळे कोणत्याही दारातून ती सहज जाते. त्या बदल्यात लांबी वाढते आणि खरी अडचण फुटपाथच्या कडेशी कळते. कड चढण्यासाठी आपण हँडल खाली दाबतो, तेव्हा गाडी मागच्या चाकांच्या आसावर डोलते आणि पुढची चाके उचलली जातात. मागच्या आसनावरचे मूल त्या आसाच्या जवळ बसलेले असल्यामुळे त्याचे वजन फारसे जाणवत नाही. पुढच्या आसनावरचे मूल मात्र आसापासून बरेच पुढे असते आणि तेवढ्या अंतराने त्याचे वजन हातावर येते. म्हणजे जड मूल मागे आणि हलके मूल पुढे बसवणे सोयीचे. परंतु आमच्या त्या गाडीत पाठ पूर्ण आडवी होण्याची सोय फक्त मागच्या आसनाला होती, त्यामुळे तान्ह्याला मागे ठेवणे भाग होते आणि ११ किलोची थोरली पुढे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक कडेशी गाडी उलटी फिरवून मागची चाके आधी चढवण्याची सवय आम्हाला लागली होती. मूल आत बसलेले असताना रस्त्यात गाडी उलटी फिरवत राहणे पाहणाऱ्याला विचित्र वाटते, पण मनगटे वाचतात. सर्वच गाड्यांत आसनांचा क्रम असाच असतो असे नाही. म्हणून कोणते आसन जन्मापासून चालते आणि प्रत्येक आसनाला किती वजन चालते, हे माहितीपुस्तिकेत आधी वाचावे आणि मगच गाडीच्या रंगाकडे वळावे.

शेजारी-शेजारी आसनांच्या गाडीची भीती सगळ्यांना रुंदीची वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. या गाड्या बहुधा ७४ ते ८० सेंटीमीटर रुंद असतात. आमची ७६ सेंटीमीटरची आहे. खरेदीपूर्वी आम्ही घरातील दारे मोजली, पण पहिल्यांदा चूक अशी केली की चौकटीपासून चौकटीपर्यंत माप घेतले. दार ज्या बिजागऱ्यांवर उघडते त्या बाजूला दाराची जाडीही वाट अडवते, शिवाय हँडलवरची बोटे आत यायची असतात. दार पूर्ण उघडे ठेवून, दाराच्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत घेतलेले माप तेच खरे माप. लिफ्टचेही माप घ्यावे, आणि नुसत्या दाराचे घेऊन थांबू नये, कारण गाडी आत गेल्यावर ढकलणाऱ्या माणसालाही उभे राहायचे असते. पुठ्ठ्याचा गाडीएवढ्या लांबी-रुंदीचा तुकडा कापून तो घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत नेऊन पाहणे हा बालिश वाटणारा प्रयोग आम्ही केला, आणि जिन्याच्या वळणाशी गाडी कुठे अडेल हे त्याने आधीच सांगितले.

रुंद गाडीत दोन्ही मुले दोन्ही आसांच्या दृष्टीने सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे कड चढणे सोपे होते. त्याऐवजी ओढ बाजूला जाणवते. सुरुवातीला एका बाजूला ११ किलो आणि दुसऱ्या बाजूला ४ किलो असा फरक होता, आणि जड बाजूच्या चाकांवर घर्षण जास्त असल्यामुळे गाडी सतत थोरलीच्या बाजूला वळू पाहत असे. बहुतेक रस्ते आणि फुटपाथ पाणी वाहून जावे म्हणून एका बाजूला किंचित उतरते असतात, आणि मोकळी फिरणारी पुढची चाके उताराच्या दिशेने झुकतात. थोरली उताराच्या बाजूला बसली की दोन्ही ओढी एकत्र येत आणि अर्ध्या तासात खांदा दुखू लागे. तिला चढाच्या बाजूला बसवले की एक ओढ दुसरीला बरीचशी खोडून काढते. ही साधी गोष्ट लक्षात यायला आम्हाला दीड महिना लागला, आणि लक्षात आल्यानंतरही येताना-जाताना जागा बदलण्यावरून थोरलीशी वाटाघाटी कराव्या लागल्या त्या वेगळ्याच. आता दोघांच्या वजनातला फरक साडेतीन-चार किलोंवर आला आहे आणि ओढ फारशी जाणवत नाही.

तान्ह्याच्या झोपण्याबद्दल मात्र कसलीही तडजोड करू नये. मूल आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, त्याला आडवेच ठेवावे लागते, कारण अर्धवट बसत्या स्थितीत जड डोके छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. युरोपीय मानक ईएन १८८८ प्रमाणे सहा महिन्यांखालील मुलासाठीच्या आसनात बैठक आणि पाठ यांतील कोन किमान १५० अंशांचा असावा लागतो. ‘पाठ मागे झुकते’ एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नये. किती झुकते आणि दोन्ही आसने तेवढी झुकतात का, हे विचारावे. आमच्या गाडीत दोन्ही झुकतात, आणि याचा अनपेक्षित फायदा थोरलीला झाला, कारण दुपारची झोप तिने अजून सोडलेली नाही. मोटारीतली लहान मुलांची सीट सांगाड्यावर बसवता येते ही जाहिरात मोहक असते, पण ती सीट मोटारीतल्या प्रवासासाठी बनवलेली आहे. त्यात मुलाला तासन्‌तास झोपू देणे योग्य नाही. ती सोय आम्ही एकदाही वापरली नाही.

आता वजनाच्या मर्यादेबद्दल, कारण गाडीचे आयुष्य तिथेच ठरते. काही गाड्यांत प्रत्येक आसनाला १५ किलोची मर्यादा असते आणि काहींत २२ किलोची. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार तीन वर्षांच्या मुलीचे मध्यम वजन १३.९ किलो आणि मुलाचे १४.३ किलो असते. चार वर्षांचे होईपर्यंत ते १६ किलोंच्या पुढे जाते. म्हणजे १५ किलोची मर्यादा सरासरी बांध्याच्या मुलासाठी साडेतीन वर्षांच्या आसपास संपते, आणि अंगापिंडाने भरलेल्या मुलासाठी त्याही आधी. मुलांमधले अंतर दीड-दोन वर्षांचे असेल, तर धाकट्याला दीड-दोन वर्षे होतात न होतात तोच थोरल्याचे आसन मर्यादेला टेकते. नातेवाइकांची गाडी आम्ही कायमची ठेवली नाही, त्यामागे तिची १५ किलोची मर्यादा हे मुख्य कारण होते. वजनाइतकेच महत्त्व आसनापासून टपापर्यंतच्या उंचीला आहे, पण ती कागदावर क्वचितच दिलेली असते. थोरल्या मुलाला प्रत्यक्ष बसवून, टप पुढे ओढून पाहण्याखेरीज त्याला उपाय नाही.

एक अपघात होता होता टळला, तो सांगायला हवा. तिसऱ्या महिन्यात हँडलला सामानाच्या दोन पिशव्या अडकवलेल्या होत्या आणि धाकटा गाडीत नव्हता. आम्ही थोरलीचे बकल सोडून तिला उचलले आणि पुढच्याच क्षणी गाडी मागे कलंडली. कारण सरळ आहे: हँडल मागच्या आसाच्याही मागे असते आणि पुढे तोल सांभाळणारे वजन निघून गेले होते. त्या वेळी धाकटा आत असता, तर त्याचे चार-पाच किलो तोल राखायला पुरले असते का, याचा विचार आजही नको वाटतो. हँडलला काही अडकवू नये, असे माहितीपुस्तिकेत लिहिलेले होते; आम्ही ते वाचलेही होते. त्यानंतर सामान आसनाखालच्या जाळीत जाते आणि जाळीत मावणार नाही ते आणले जात नाही. त्यामुळे गाडी पाहताना जाळीचे तोंड किती मोठे आहे आणि आसन मागे झुकवलेले असताना जाळीत हात जातो का, हे तपासावे. आमच्या गाडीत दोन्ही मुले झोपलेली असली की मागच्या बाजूने जाळीत जेमतेम मनगट शिरते, आणि हा तिचा सर्वांत त्रासदायक दोष आहे.

दोन स्वतंत्र टप असणे ही चैन वाटली होती. ती गरज निघाली, कारण एकाला ऊन नको असते तेव्हा दुसरीला आकाश हवे असते. उन्हासाठी गाडीवर कोरडे कापड पसरणे मात्र टाळावे. हवा खेळणे थांबते आणि आत उष्णता साठते. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोरड्या मलमलीने झाकलेल्या गाडीतील तापमान न झाकलेल्या गाडीपेक्षा वाढले, तर ओली मलमल आणि लहान पंखा यांनी ते कमी झाले. आम्ही टप पूर्ण ओढतो, मागची जाळीची खिडकी उघडी ठेवतो आणि मधूनमधून मुलांच्या मानेला हात लावून पाहतो.

घडी घालण्याच्या बाबतीत शेजारी-शेजारी गाडी निराशा करते. १९६५ साली इंग्लंडमध्ये ओवेन मॅक्लारेन यांनी छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी तयार केली; विमानाची मिटणारी चाके बनवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ती कल्पना एकेरी गाडीत जितकी सुरेख उतरते तितकी दुहेरीत उतरत नाही. आमची गाडी मिटते, पण मिटल्यावरही तिची रुंदी ७६ सेंटीमीटरच राहते आणि १४ किलो वजन दोन्ही हातांनी उचलावे लागते, आणि त्या वेळी मुले कुठे असणार हा प्रश्न उरतोच. मोटारीच्या डिकीचे आतले माप पुरेसे असले तरी तिचे तोंड अरुंद असू शकते. मोजताना तोंडच मोजावे. घडी घालताना आणि उघडताना मुलांना हातभर लांब उभे करावे, कारण सांध्यांत बोटे सापडू शकतात.

दुहेरी गाडी घ्यावीच का, हा प्रश्न थोरल्या मुलाच्या वयावरून सोडवावा. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही अनेकदा धाकट्याला झोळीसारख्या पट्ट्यांनी छातीशी बांधले आणि थोरलीला जुन्या एकेरी गाडीत बसवले. छोट्या फेऱ्यांना तेवढे पुरत असे. एकेरी गाडीमागे जोडायची चाकांची फळीही काही दिवस वापरून पाहिली, जिच्यावर मोठे मूल उभे राहते. थोरली तेव्हा दोन वर्षांची होती. दहा मिनिटे तिला मौज वाटे, नंतर ती उतरत असे, आणि झोप आली की फळीचा उपयोग संपे; शिवाय ढकलणाऱ्याची नडगी फळीला आपटते. थोरले मूल तीन वर्षांचे झालेले आणि दुपारी न झोपणारे असेल, तर फळी पुरेल असे मला वाटते. दोन वर्षांच्या आतले असेल, तर मात्र दुसऱ्या आसनाची गरज पडेल.

निगा फारशी लागत नाही. पुढच्या चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते महिन्यातून एकदा काढावे लागतात. कुरकुर थांबवण्यासाठी तेल घातले होते, पण तेलावर धूळ चिकटून ती आणखी वाढली, तेव्हापासून सिलिकॉनचा फवारा वापरतो. चाके भरीव फोमची असल्यामुळे पंक्चरची चिंता नाही, खडबडीत रस्त्यावर मात्र हवेच्या चाकांइतका आराम मिळत नाही.

गेल्या आठवड्यात थोरलीचे वजन १३ किलो ४०० ग्रॅम भरले. ती आता अर्धी वाट चालते, पण परतताना स्वतःहून आपल्या आसनावर चढते, पट्टे स्वतः खांद्यावर घेते आणि बकल मात्र आम्हालाच लावायला लावते. २२ किलोची मर्यादा असल्यामुळे ते आसन तिला आणखी वर्षभर तरी पुरेल. धाकटा मात्र चालायला लागला की तिच्या जागेसाठी भांडेल अशी चिन्हे आतापासूनच दिसत आहेत.