फुकटची आहार मार्गदर्शिका आणि ओट्यावरचा वजनकाटा: काही महिने वापरल्यावर

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, ८ मे २०२४ ला भारतीयांसाठी आहार मार्गदर्शिका काढली. आमच्या घरात ती गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहे. पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. खर्च झाला तो फक्त ओट्यावर ठेवायच्या छोट्या डिजिटल काट्याचा. मी डॉक्टर नाही, डायटिशियनही नाही. नोकरी करून नाशिकच्या इंदिरानगरातल्या पाच जणांच्या घराचा डबा आणि स्वयंपाक बघणारी बाई आहे. सासऱ्यांची साखर काठावर आली, तसे फोनवर सल्ले धो-धो यायला लागले. त्यातला कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायला काहीतरी हवं होतं, म्हणून ही पुस्तिका हातात घेतली. तेव्हा हा अनुभव 'काय खावं' यापेक्षा 'खाण्याबद्दल कुणाचं ऐकावं' याचा जास्त आहे.

संस्था जुनी आहे. १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एक छोटी प्रयोगशाळा निघाली, तिचंच पुढे हे रूप झालं. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. मार्गदर्शिका पहिल्यांदा १९९८ मध्ये आली, २०११ मध्ये सुधारली आणि २०२४ मध्ये पुन्हा. मला विश्वास वाटायला लागला तो याच गोष्टीमुळे. 'आधी असं म्हणत होतो, आता असं म्हणतोय' हे छापून सांगणारा सल्लागार फोनवर मला एकही भेटलेला नाही.

पुस्तिकेच्या जोडीला याच संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते वापरते. देशाचे सहा विभाग पाडून ठिकठिकाणच्या बाजारांतून नमुने उचलले, प्रयोगशाळेत तपासले आणि ५२८ पदार्थांचे आकडे दिले. आपण गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून पालकाची जुडी आणतो. तिच्यात लोह किती, हे जुडीवर लिहिलेलं नसतं. 'पालक म्हणजे नेमका कुठला पालक?' हा प्रश्न तक्ते करणाऱ्यांनी आपल्याआधी विचारला होता, एवढी खात्री मिळते.

आता प्रत्यक्ष वापर. पुस्तिकेत दिवसभराचं एक ताट दिलं आहे, २००० कॅलरींचं. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्याजागी अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. इथे नवखा माणूस हमखास घोळ घालतो. शिजलेल्या वरणात पाणीच जास्त असतं, पण वाचणारा वाटी डोळ्यांसमोर आणतो.

दुसरी गोष्ट म्हणजे २००० कॅलरी कुणाच्या? याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला १६६० पुरतात आणि ६५ किलोच्या पुरुषाला २११०. म्हणजे तेच ताट आमच्या घरात माझ्यासाठी मोठं आणि अंबडच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या नवऱ्यासाठी लहान. 'रोज एवढं खा' म्हणणाऱ्या कुठल्याही सल्ल्यात कुणासाठी, किती वजनाच्या आणि कोणतं काम करणाऱ्या माणसासाठी, हे नसेल तर मी आता पुढे वाचत नाही.

तेलाने मात्र डोळे उघडले. माणशी २७ ग्रॅम म्हणजे पाच जणांना महिन्याला साधारण चार किलो, आणि तूप-लोणीही त्यातच धरायचं. आमच्याकडे पंधरा किलोचा डबा किती दिवसांत संपतो हे मी इथे सांगणार नाही. रविवारच्या मिसळीची तर्री या हिशेबात कशी बसवायची याचं उत्तर पुस्तिकेत नाही, आणि नाशिककराने ते मागायलाही जाऊ नये.

सगळ्यात जास्त वाद झाला नागलीवरून, म्हणजे नाचणीवरून. सासूबाई पेठ तालुक्याकडच्या, त्यामुळे नागलीचा अभिमान रक्तातच आहे. त्यांना कुणीतरी पाठवलेलं वाक्य होतं, 'नागलीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम.' तक्त्यात बघितलं तर १०० ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम आणि गाईच्या १०० ग्रॅम दुधात ११८. म्हणजे वाक्य खरं आहे! पण नागली कोरडी आणि दूध पातळ. एका भाकरीला आमच्याकडे पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं, त्यातून १८० च्या आसपास मिळतं. साध्या एका कपभर दुधातून, म्हणजे दीडशे मिलीतून, जवळपास तेवढंच.

"मग अगं, माझी नागली खोटी का?" असं त्या म्हणाल्या.

"नाही आई, नागली खरीच आहे. पण भाकरी खाल्ली म्हणून दूध सोडून चालणार नाही. दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं."

त्यांना ते पटलं असं नाही, पण दूध चालू राहिलं. मला यातून एक गोष्ट कळली. आकडा खरा असूनही सल्ला फसवू शकतो, कारण तुलना शंभर ग्रॅमशी होते आणि आपण जेवतो ताटात. डाळीचंही तसंच. तूरडाळीत शंभराला एकवीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, पण एका वाटी वरणात डाळ तीसच ग्रॅम पडते, म्हणजे प्रथिनं सहा-सात ग्रॅम. उरलेली भर उसळ, दही आणि शेंगदाण्यांतून घालावी लागते. कॉलेज रोडच्या जिममध्ये जाणारा माझा पुतण्या पावडरीचा डबा घेऊन आला होता. पुस्तिका स्नायू वाढवायला अशा पावडरी घेऊ नका असंच सांगते. त्याने पावडर सोडली का? नाही. पण डब्यावरची अक्षरं वाचायला लागला आहे.

वाचता वाचता आणखी एक नाद लागला. 'संशोधनात सिद्ध झालंय' हे वाक्य आलं की ते संशोधन शोधायचं. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने जर्मनीत मुद्दाम एक तकलादू प्रयोग केला. पंधराच माणसं आणि मोजायच्या गोष्टी अठरा: वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. एवढ्या गोष्टी इतक्या कमी माणसांत मोजल्या की कुठेतरी काहीतरी योगायोगाने 'सिद्ध' होतंच. चॉकलेटने वजन लवकर घटतं असा निष्कर्ष निघाला, तो एका जर्नलने छापला आणि देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी उचलला. किती माणसांवर प्रयोग झाला, हे फार थोड्यांनी विचारलं. आता मी आधी तेच बघते. माणसं किती, किती दिवस, तुलनेला दुसरा गट होता का, आणि पैसे कुणी दिले. पैशांचं कारण साधं आहे. १९६७ मध्ये हृदयरोगाचा ठपका साखरेवरून चरबीकडे ढकलणारा एक आढावा छापून आला होता. त्याला अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते, हे २०१६ मध्ये जुनी कागदपत्रं काढल्यावर उघड झालं.

पालकाची गोष्ट तर याहून मजेदार. पालकात लोह दहापट लिहिलं गेलं ते दशांश चिन्ह चुकल्यामुळे, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १९८१ मध्ये हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती सांगितली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. २०१० मध्ये माइक सटन या अभ्यासकांनी मूळ शोधायला घेतलं तर त्या चुकलेल्या दशांशाचा पुरावाच सापडला नाही. चूक दुरुस्त करणाऱ्याची गोष्टच तपासायची राहिली होती. तक्त्यात पालकाचं लोह शंभर ग्रॅमला तीन मिलिग्रॅमच्या आत आहे. बाजरीत त्याच्या दुप्पट. म्हणून आमच्याकडे थंडीत बाजरीची भाकरी वाढली. आणि जेवण झाल्या झाल्या लागणारा चहा तासभर पुढे ढकलला, कारण तो लोह शोषू देत नाही. चहा ढकलणं हे घरातलं सगळ्यात अवघड काम ठरलं.

सांगणारा कोण, हेही बघते. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने नियम काढला की, आरोग्याबद्दल बोलणाऱ्या प्रमाणित तज्ज्ञांनी आपली पात्रता सांगावी आणि इतरांनी आपण वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट म्हणावं. व्हिडिओच्या खाली बघा, कितींनी पाळलंय ते. तरी पदवी असली म्हणजे सगळं खरं असंही नाही. एक खरे डॉक्टर व्हिडिओच्या शेवटी स्वतःचंच चूर्ण विकतात. ऐकायचं ते ऐकावं, पण खरेदीची लिंक आली की कान जरा मिटावेत.

याच महिन्यांत लेबलं वाचायची सवय लागली. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'नागली', पण मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि पहिलंच नाव मैद्याचं. साखर पुढे दोन-तीन नावांनी येते, म्हणजे ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप वगैरे. 'शंभर टक्के फळांचा रस' हा शिक्का काढून टाका असं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम असताना डब्यातला रस घ्यायची वेळ का येते, हा प्रश्न वेगळा.

तक्रारीही आहेत. मी वाचली ती इंग्रजी प्रत होती, जाडजूड आणि तक्त्यांनी भरलेली. सासूबाईंना त्यातलं एकही पान उघडून देता आलं नाही, सगळं मला तोंडी सांगावं लागलं. भाज्या ४०० ग्रॅम म्हणजे पाच जणांना रोज दोन किलो. उन्हाळ्यात मेथी-कोथिंबीर महागली की हे गणित कागदावरच राहतं, आणि स्वस्तात कसं बसवायचं यावर मला हवं तेवढं मिळालं नाही. भगर, साबुदाणा आणि उपवासांच्या महिन्यांचं काय करायचं, हेही आपलं आपणच ठरवायचं. शिवाय ही पुस्तिका निरोगी माणसासाठी आहे. सासऱ्यांसाठी आम्ही तिच्यावर विसंबलो नाही. डॉक्टरांनी पाठवलेल्या नोंदणीकृत डायटिशियनकडून त्यांचं वेगळं वेळापत्रक करून घेतलं. त्या डायटिशियननी पहिल्या भेटीत सगळी औषधं आणि रिपोर्ट मागितले, यादी नंतर दिली.

शास्त्र बदलत राहतं, मग कशाला ऐकायचं, असं नवरा म्हणतो. त्याला मी स्पेनच्या प्रेडिमेड प्रयोगाचं उदाहरण दिलं. सात हजारांहून जास्त माणसं, आणि भूमध्य समुद्राकडच्या आहाराने हृदयविकार कमी होतो हा २०१३ मध्ये गाजलेला निष्कर्ष. पुढे कळलं की काही ठिकाणी गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेच नव्हते, एका घरातली माणसं एकाच गटात गेली होती. २०१८ मध्ये लेखकांनी शोधनिबंध मागे घेतला, हिशेब पुन्हा केला आणि जरा मवाळ भाषेत पुन्हा छापला. फोनवरचा कुठलाही नुस्खा असा परत घेतलेला मी पाहिलेला नाही.

उतरवून घेणार असाल तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. सतरा सूचना आहेत, त्यातली शेवटची लेबलांची आहे. ती आधी वाचा आणि घरातली दोन पाकिटं समोर ठेवा. मग ताटाचं पान. तक्ते लगेच लागणार नाहीत, कुणी तिप्पट-चौपट म्हणायला लागलं की उघडा. काटा मात्र त्याच आठवड्यात घ्या.