एलपीजीवरची गाडी घेऊन युरोपात लांबचा प्रवास: काही महिन्यांच्या वापरानंतर

जर्मनीत एलपीजीची गाडी घेताना बहुतेकांनी एकच सल्ला दिला होता: रोज ऑफिसला जायला-यायला ठीक आहे, पण देशाबाहेर जायचं तर पेट्रोलचीच बरी. काही महिने गाडी वापरून झाली. इटली, फ्रान्स, स्पेन आणि पोलंडला जाऊन आलो. आता माझं मत बरोबर उलट आहे. या गाडीचा खरा फायदा लांबच्या प्रवासातच मिळतो.

कारण साधं आहे. इंजिन सुरू होतं पेट्रोलवर. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पुरेसं तापलं की रिड्यूसरमध्ये, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागात, द्रव गॅसची वाफ होऊ लागते आणि गाडी आपोआप गॅसवर जाते. हिवाळ्यात ऑफिस जवळ असेल तर निम्मं अंतर पेट्रोलवरच संपतं, म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली तेच होत नाही. हायवेवर मात्र पहिली काही मिनिटं सोडली की दिवसभर गॅसच जळतो. शिवाय टाक्या दोन. गॅस संपला तर चालत्या गाडीत एक हलका झटका जाणवतो, कधी तोही नाही, आणि गाडी पेट्रोलवर पुढे जाते. दोन्ही टाक्या भरलेल्या असल्या की हजार किलोमीटर पंपाकडे बघावं लागत नाही.

आमची गाडी कंपनीतूनच गॅस बसवून आलेली छोटी हॅचबॅक आहे. गॅसची टाकी 50 लिटरची, पण भरतात 40 लिटर. उन्हात द्रव गॅस प्रसरण पावतो, त्याला जागा हवी, म्हणून टाकीतला व्हॉल्व्ह 80 टक्क्यांना भरणं आपोआप बंद करतो. ताशी 120 च्या वेगाने 100 किलोमीटरला 9 लिटरच्या आसपास गॅस लागतो. पेट्रोलवर हीच गाडी 7 लिटर घेते. गॅसमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे हा फरक राहणारच. गॅसचा दर पेट्रोलच्या निम्मा असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे वाचतात. इटलीत असा दर सहज मिळाला. स्पेनमध्ये दोन्ही दरांत अंतर कमी होतं, तिथे बचतही कमी झाली. हायवेवरचे पंप सगळीकडेच महाग. एक्झिट घेऊन गावातल्या पंपावर जाण्याची सवय लावून घ्या, दोन-तीन किलोमीटरचा वळसा परवडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: अ‍ॅडॅप्टर, म्हणजे पंपाचा नोझल आपल्या गाडीला बसावा म्हणून मध्ये लावायचा तुकडा. पेट्रोलचा नोझल सगळीकडे सारखा, गॅसचा तसा नाही. जर्मनी आणि बेल्जियममध्ये अ‍ॅक्मे, म्हणजे आटे पिळून बसवायचा. फ्रान्स, इटली, पोलंड, झेक प्रजासत्ताक, क्रोएशिया इथे डिश, ज्यात नोझलचे पंजे बशीसारख्या कडेला पकडतात. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये बायोनेट, म्हणजे लावून फिरवायचा. स्पेन-पोर्तुगालमध्ये युरोनोझल. पूर्ण संच निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. चार पितळी तुकडे एका छोट्या पिशवीत मावतात. पंपावर अ‍ॅडॅप्टर मिळेल या भरवशावर राहू नका, अनेक ठिकाणी तो नसतो. आतलं रबरी सील दर वेळी बघा आणि अ‍ॅडॅप्टर हातानेच घट्ट करा, पान्याने आवळू नका. नोझल काढताना थोडा गॅस फुस्सकन बाहेर येतो. तो इतका थंड असतो की त्वचा भाजल्यासारखी होते, म्हणून जाड हातमोजे त्याच पिशवीत ठेवा. मला सगळ्यांत आवडला तो युरोनोझल: एका हाताने बसतो आणि गॅसही फारसा सुटत नाही.

भरण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. जर्मनीत आपणच भरायचं आणि गॅस जात असेपर्यंत पंपाचं बटण दाबून धरायचं. इटलीत बहुतेक ठिकाणी पंपावरचा माणूस भरून देतो. हे सुखाचं आहे, पण दुपारच्या सुट्टीत आणि रविवारी तो नसतो. बाजूला पेट्रोलचं मशीन कार्डावर चालू आणि गॅस मात्र बंद, असं दिसलं तर नवल नको. इटलीत चार हजारांहून जास्त पंपांवर गॅस मिळतो, तेव्हा अडून बसायची वेळ येत नाही; फक्त शनिवारी संध्याकाळी टाकी भरून घ्या. भर उन्हात तापलेल्या गाडीत गॅस फार हळू जातो, हा बिघाड नव्हे. टाकी तापली की आतला दाब वाढतो आणि पंपाला त्याविरुद्ध ढकलावं लागतं. सकाळी भरलं की काम पटकन होतं.

पोलंड तर एलपीजीवाल्यांचं माहेर आहे. तिथे लाखो गाड्या गॅसवर चालतात आणि अगदी छोट्या पंपावरही गॅस असतो. याउलट स्वित्झर्लंडमध्ये आणि उत्तरेकडे स्कँडिनेव्हियात पंप विरळ आहेत, तिकडे पेट्रोलची टाकी भरलेली हवीच. पंप शोधायला मी मायएलपीजी.ईयू या साइटवरचा नकाशा वापरतो. कोणत्या देशात कोणता अ‍ॅडॅप्टर लागतो तेही तिथे दिलेलं आहे.

पार्किंगबद्दल आमच्या बाबांनी निघायच्या आधीच विचारलं होतं, आणि त्यांची काळजी रास्त होती. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर तळाशी साचतो, म्हणून काही भूमिगत पार्किंगच्या दाराशी गॅसच्या गाड्यांना मनाई लिहिलेली असते. आर ६७-०१ या गॅसच्या गाड्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमाप्रमाणे बसवलेल्या टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. इटलीत अशा गाड्यांना भूमिगत पार्किंगच्या पहिल्या मजल्यापर्यंत परवानगी आहे. इतरत्र दारावरची पाटी वाचूनच आत जा, आणि हॉटेल बुक करताना पार्किंग उघड्यावर आहे का ते आधी विचारा. आम्ही हे दर वेळी करतो.

त्रास एकच, पण खरा: स्टेपनीच्या जागी गॅसची टाकी असल्यामुळे स्टेपनी नाही. हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं द्रव यांवर लांबचा प्रवास करणं मला पटत नाही. टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून परदेशातही गाडी उचलून नेणारी रोडसाइड सेवा घेतली, तो खर्च हिशेबात धरा.

पुढचा प्रवास ब्रिटनचा आहे. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून गाड्या नेणारी रेल्वे एलपीजीची गाडी घेत नाही. टाकी रिकामी असली किंवा गाडी पेट्रोलवरही चालत असली तरी नाही. त्यामुळे कॅलेहून डोव्हरला जाणारी फेरीबोट बुक केली आहे. बुकिंग करताना गाडी गॅसची आहे हे नोंदवलं. बायोनेट पिशवीत आहेच, फक्त त्याचं सील बदलायचं राहिलंय.