झाकणाखालचा पांढरट थर आणि ‘हेड गॅस्केट गेलंय’ची थाप

हिवाळा सरता सरता जुनी पेट्रोल गाडी घरच्या घरी सर्व्हिस करायला घ्यावी, ऑइल भरायचं झाकण उघडावं आणि त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, सायीसारखा थर दिसावा. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. झाकण मेकॅनिकला दाखवलं जातं आणि हात दाखवून अवलक्षण होतं : “ऑइलमध्ये पाणी आलंय, हेड गॅस्केट गेलं, इंजिनचं काम निघालंय.” (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या सांध्यात बसवलेलं पातळ पॅकिंग.) गाडी तीन-चार दिवस गॅरेजात राहते. हेड उतरवून घासल्याचं आणि नवीन गॅस्केट टाकल्याचं बिल हातात पडतं. प्रत्यक्षात ऑइल बदललेलं असतं आणि झाकण पुसलेलं. थर पुन्हा दिसत नाही, कारण एव्हाना थंडी संपलेली असते. गिऱ्हाईक उलट खूश होऊन दुसऱ्यांना तेच गॅरेज सुचवतं, त्यामुळे ही लबाडी क्वचितच उघडी पडते.

हा थर येतो कुठून? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं जवळजवळ सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरते. थंडीत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारून गाडी बंद केली, तर ऑइल पुरतं तापतच नाही. मग ही वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे झाकणावर आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत, पाणी होऊन बसते आणि ऑइलशी घुसळली जाते. चेंबरमधली वाफ बाहेर काढणारा ब्रीदर पाइप किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल तर थर आणखी जाड होतो. व्हॉल्व्ह काढून हलवला की आतून खडखड आवाज यायला हवा (बहुतेक साध्या पीसीव्ही व्हॉल्व्हना हे लागू पडतं). आवाज आला नाही तर तो बदला. पाइपातली घाण कार्ब क्लीनरने निघते.

खरं-खोटं ठरवायला पहिल्या दिवशी पान्याची गरज नसते. झाकण कोरडं पुसा. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा. गाडी सलग ३०-४० मिनिटं मोठ्या रस्त्यावर चालवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा थंड इंजिनवर, तिन्ही गोष्टी बघा : झाकण, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी), कूलंट. थर नाहीसा किंवा विरळ झाला, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी किंवा काळं आहे आणि कूलंट खुणेवरच आहे, तर तो हिवाळ्याचा ओलावा होता. गॅस्केट फुटून चेंबरमध्ये कूलंट उतरत असेल तर डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ होतं आणि टाकीतली पातळी दिवसागणिक घसरते. (रेडिएटरचं झाकण गरम इंजिनवर उघडू नये, भाजतं.) शंका उरलीच, तर गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी चेंबरचा, ऑइल काढायचा तळाचा नट हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते आधी बाहेर येतं. चार-दोन थेंब म्हणजे ओलावा, धार लागली तर मात्र गॅस्केटचाच संशय धरा.

“डिपस्टिकवर पातळी वाढलीय, बघा, पाणी शिरलंय” ही थापेची पुढची पायरी. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर चोक अडकलेला असतो, किंवा कार्बुरेटरच्या जुन्या गाडीत मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये झिरपत असतं. पंप बदलणं हे तासाभराचं काम आहे, हेड उतरवायचा प्रश्नच येत नाही. ऑइल मात्र लगेच बदलावं, कारण पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाही.

गॅरेजात करून दाखवल्या जाणाऱ्या चाचण्यांतही हातचलाखी चालते. ब्लॉक टेस्टमध्ये कूलंटवरची हवा निळ्या द्रवातून ओढतात. त्यात कार्बन डायऑक्साइड असेल, म्हणजे फुटलेल्या गॅस्केटमधून सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल, तर द्रव पिवळा होतो. पण हाच द्रव नुसत्या श्वासानेही पिवळा पडतो, आणि चालू गाडीच्या सायलेन्सरजवळ हवा ओढली तर हमखास. म्हणून द्रव तुमच्यासमोर बाटलीतून ओतायला लावा, आधी मोकळ्या हवेवर तो निळाच राहतो हे बघा आणि नळी टाकीच्या तोंडावरून हलू देऊ नका.

कॉम्प्रेशन टेस्टचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याचं, तसंच. सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल बंद, बॅटरी पूर्ण चार्ज आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा. पाय उचललेला किंवा बॅटरी अशक्त असली की चारही सिलिंडरचे आकडे कमी येतात आणि “इंजिन बसलं” म्हणायला मोकळीक मिळते. धडधाकट पेट्रोल इंजिनात सहसा १० ते १३ बार दिसतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा, पण सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. शेजारशेजारचे दोनच कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेल्याचा संशय रास्त. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, नाही तर व्हॉल्व्ह बघा.

सकाळी पहिल्या सेल्फला निघणारा पांढरा धूर ही वाफच असते, इंजिन तापलं की तो थांबतो. तापल्यावरही दाट धूर आणि गोडसर वास येत राहिला तर ते कूलंट आहे.

एवढं करूनही काम खरंच निघालं, तर गाडी सोडण्याआधी टॅपेट कव्हरच्या दोन बोल्टवर आणि जिथे हात पोचतो तिथे हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर पेंटचा बारीक ठिपका ओढून ठेवा, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. फोटो काढा. हेड उतरलं असेल तर ठिपका तुटलेला दिसतो. जुनं गॅस्केट मागा आणि त्याची भोकं तुमच्या इंजिनाशी जुळतात का ते पाहा, कारण भंगारातलं भलतंच गॅस्केट हातात ठेवणारेही आहेत. खरोखर फुटलेल्यावर सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत किंवा शेजारच्या सिलिंडरपर्यंत काळी जळकी वाट दिसते. अनेक इंजिनांत हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेव्हा बिलात नवीन बोल्ट आहेत का हेही बघा. अशा इंजिनाच्या बिलात नुसतं गॅस्केट लिहिलंय आणि बोल्टचा पत्ता नाही, तर एक तर काम अर्धवट झालंय, नाही तर झालेलंच नाही.