लहान मुठीचं रिव्हॉल्व्हर आणि स्पीड लोडर : आठ महिन्यांनंतर

आजोबांचं दोन इंची नळीचं स्मिथ अँड वेसन रीतसर माझ्या परवान्यावर चढलं, तेव्हा पहिली खरेदी केली ती स्पीड लोडरची. सहा काडतुसं एका दमात चक्रात. मागची घुंडी फिरवली की सुटतात. निदान माझी समजूत तशी होती.

कोरेगावजवळच्या आमच्या वस्तीवर पहिल्याच दिवशी लोडर अडला. चक्र डावीकडे उघडतं आणि लोडर मागून येतो. नेमकी तिथेच मुठीच्या डाव्या लाकडी पट्टीची वरची कड आडवी येते. लोडर तिरका बसतो, चार काडतुसं आत जातात, मुठीकडची दोन तोंडाशीच अडतात. मी दोन महिने लोडरलाच दोष देत होतो. दोष लाकडाचा होता.

मूळ अक्रोडाच्या पट्ट्यांना हात लावायला मन होईना. आजोबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे त्या गुळगुळीत झाल्यात. म्हणून साताऱ्यातल्या आमच्या सुतारकाकांकडून शिसवीची जोडी करून घेतली. परवान्याचं हत्यार त्यांच्या दुकानात ठेवता येत नाही, तेव्हा काकाच घरी आले. मी चक्र उघडून रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं, खरी काडतुसं कुलपात ठेवली आणि लोडरमध्ये सरावाची नकली काडतुसं भरली.

मी कानस उचलली तर काका म्हणाले, "थांबा भाऊ, आधी काजळ लावा."

लोडरच्या कडेला काजळ लावून तो चक्रावर दाबायचा. लाकडावर काळं उमटेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा लावायचं. असं अकरा वेळा केलं. शेवटी डाव्या पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात बोटाच्या पेरासारखी उथळ खोबण तयार झाली आणि लोडर सरळ बसला. स्क्रूच्या भोकाजवळ आणि खालच्या खिळीपाशी मात्र लाकूड काढू नका, तिथे पट्टी चिरते. उघड्या पडलेल्या लाकडाला जवसाचं तेल तीन हात दिलं. पावसाळा पार पडला, पट्टी फुगलेली नाही.

मोठी रबरी मूठ लावा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला पटलं नाही. लहान मूठ आहे म्हणूनच हे हत्यार अंगासरशी राहतं.

खोबणीचा न मागितलेला फायदा रिकाम्या पुंगळ्या काढताना झाला. या रिव्हॉल्व्हरच्या .३२ लाँग काडतुसाची पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब आणि आखूड नळीखालचा दांडा तिला पुरती बाहेर ढकलत नाही. पूर्वी एखादी हमखास पट्टीला अडायची. आता नळी आभाळाकडे धरून दांडा एकदाच जोरात दाबला की सगळ्या गळतात. भरताना नळी जमिनीकडे. रेंजवर खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं वापरतो, ती नीट उतरतात.

तरी खिशात मी लोडर ठेवत नाही. तो गोल, फुगीर आहे. खिशात काडतुसांची रबरी पट्टी (स्पीड स्ट्रिप) असते. तीत सहा काडतुसं ओळीने बसतात, दोन-दोन करून भरायची, आणि तिला मुठीचा अडथळा जवळजवळ होतच नाही. वेळ जास्त लागतो हे खरं, पण अंधारात माझा हात तिच्यावर जास्त बसलाय. लोडर रेंजवरच्या सरावाला, तिथे तो उत्तम.

निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार पोलीस ठाण्यात जमा होतं, ते दिवस या आठ महिन्यांत धरलेले नाहीत. अक्रोडाच्या पट्ट्या कापडात गुंडाळून आजोबांच्या पेटीत ठेवल्यात.